ठिपक्याची बायको

लालबागच्या पांगारे चाळीत मालन परबला तोंडावर कुणी काही बोलत नसे. तोंडावर बोलायला हिंमत लागते, आणि चाळीची बरीचशी हिंमत टाळेबंदीतच खर्च झाली होती. लोक फक्त तिच्या दारावरून जाताना कठड्याच्या बाजूने जात. गॅलरी ती केवढी, समोरून माणूस आला तर पोट आत घ्यावं लागतं, तरी जात. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला यायचं, पण अशा बेताने की ती पदर सावरून पोचेपर्यंत वाण संपलेलं असे. आणि शेजारच्या खोलीतली बकुळा राणे, जिच्याशी मालनचं लग्न होऊन आल्यापासून मीठ, मिरची आणि भांडण सगळं सामाईक होतं, ती नळावर भेटली तर बादलीशी बोलायची.

या सगळ्याला कारण एक ठिपका होता.

ठिपका काळा होता. एका चित्राच्या मधोमध बसला होता आणि त्याच्यातून चहूकडे रेघा निघाल्या होत्या. एकेका रेघेच्या टोकाला एकेक घर. हे चित्र आधी इंग्रजीत, कुठल्याशा मोठ्या शास्त्रीय मासिकात छापून आलं. तिथून ते एका मराठी पेपराने उचललं आणि वर मथळा दिला की लालबागच्या चाळीत एकाच माणसामुळे साथ कशी पसरली, ते परदेशी शास्त्रज्ञांच्या मदतीने उलगडलं. नाव कुठेच नव्हतं. फक्त एवढंच, की साठी उलटलेला, निवृत्त, घरोघरी फिरणारा पुरुष. पांगारे चाळीत असा माणूस एकच होता, आणि तो आता खुलासा करायला हयात नव्हता.

जयवंत परब. मालनचा नवरा.

जयवंत शिवडीच्या गोदामात मुकादम होता. आवाज असा की गोदामाच्या या टोकाला तो शिंकला तर त्या टोकाचा हमाल हातातली गोणी खाली ठेवायचा. त्या आवाजामुळेच चाळीचं गाऱ्हाणं त्याच्याकडे आलं. चौकात गावच्या रवळनाथाची छोटी घुमटी होती. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, कुणाची लागता लागता गेली, की नारळ ठेवायचा आणि जयवंतने देवापुढे उभं राहून सगळं मालवणीत सांगायचं. तो एक वाक्य म्हणणार, मागून अख्खी चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. सांगणारा एक आणि कबूल करणारे सगळे. चाळीतली पोरं हे इतक्या लहानपणापासून ऐकतात, की पुढे ऑफिसात साहेबाने वाक्य जरा लांबवलं तरी त्यांच्या तोंडून ‘व्हय’ निघतं.

टाळेबंदी लागली तेव्हा चाळीला बांबू आडवे बांधले. काही दिवसांनी परळच्या एका संशोधन संस्थेची गाडी आली. त्यातून डॉक्टर यशोधन गुप्ते उतरले, बरोबर पांढऱ्या झग्यांतली त्यांची माणसं. त्यांना चाळीतल्या प्रत्येकाचं थोडं थोडं रक्त हवं होतं. कुणी एक दार उघडलं नाही. रक्त परदेशात विकतात इथपासून ते सुई टोचली की उचलून नेतात इथपर्यंत सगळ्या बातम्या वरच्या मजल्यावरून खाली येईपर्यंत पक्क्या झाल्या होत्या. डॉक्टर मूळचे दादरचे, शिवाजी पार्काच्या बाजूचे. ते चौकात उभं राहून शुद्ध मराठीत विज्ञान समजावत राहिले, आणि चाळ गॅलरीतून त्यांच्याकडे टीव्हीवरच्या जाहिरातीसारखी बघत राहिली.

शेवटी जयवंत खाली उतरला. घुमटीपुढे नारळ ठेवला आणि मोकळ्या चौकात एकट्याने गाऱ्हाणं घातलं, की ह्या डाक्टराच्या सुयेक यश दी रे म्हाराजा. मग बंद दारांच्या आडून, खिडक्यांच्या फटींतून, ‘व्हय म्हाराजा’ आलं. देवापुढे व्हय म्हटलं म्हणजे म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून दारं उघडली. जयवंत पुढे, झगेवाले मागे. झगेवाल्यांच्या तोंडावर दोन-दोन पडदे, वर काच. जयवंतच्या तोंडावर मालनने जुन्या परकराचा शिवलेला फडका.

त्या दिवसांत माणसांना गावी जायला एसटी मिळत नव्हती. लालबागच्या रक्ताला मात्र विमान मिळालं. ते बर्फात बसून हॉलंडला गेलं, तिथल्या यंत्रांनी ते तपासलं, आकडे ब्राझीलला गेले, तिथल्या कुणी गणित मांडलं, आणि रात्रंदिवस हे सगळे देश संगणकावर एकमेकांशी बोलत राहिले. जगातली हुशार माणसं भांडणतंटा विसरून एका कामाला लागली होती आणि त्या कामाच्या बुडाशी पांगारे चाळीचं रक्त होतं, याचा जयवंतला कोण अभिमान. “मालन,” तो म्हणायचा, “आपण काय मुंबय सोडून खय गेलो नाय. पण रगत बघ, फॉरेन रिटर्न.”

झगेवाल्यांत ऋता नावाची एक मुलगी होती. एका दुपारी ती परबांच्या खोलीत टेकली. मालनने तिला सोलकढी दिली. ऋताने वाटी नाकाशी नेली, परत नेली, आणि म्हणाली, “काकू, मला कालपासून कशाचाच वास येत नाहीये.” मालनने हे खाली उभ्या असलेल्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी ऋता आली नाही, तिच्या जागी दुसरी आली. काम चालू राहिलं, जयवंत पुढे चालत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याला ताप भरला. मग बकुळाच्या नवऱ्याला. मग खालच्या मजल्यावर दोन घरी.

जयवंतला नेलं तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला. परत आला नाही. बकुळाचा नवराही आला नाही. दोघी तेव्हा एका भिंतीच्या दोन बाजूंनी रडल्या, आणि मालन भिंतीवर थाप मारायची तेव्हा पलीकडून थाप यायची. पेपरात ठिपका आला त्या दिवशी ती थाप बंद झाली.

“माझ्या घोवाक कोणी खाल्ल्यान, ता आता जगाक कळला,” बकुळा नळावर म्हणाली. बादलीला.

मालनची मुलगी अक्षदा फोर्टात एका कंपनीत काम करते. तिने ते इंग्रजी आईला समजावलं. मालनने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ऋताचो ठिपको खंय आसा?”

“कुठेच नाही. टीममधले कुणीच नाहीत.”

तेव्हापासून मालन परळला जाऊ लागली. संस्थेच्या बाहेरच्या बाकावर बसायची. डॉक्टर कधी परिषदेला गेलेले असत, कधी परिषदेवरून यायचे असत. ही चाळ घेऊन ते आता देशोदेशी बोलत होते, आणि त्यांच्या पहिल्याच चित्रात जयवंत घुमटीपुढे हात जोडून उभा असे. शेवटी एकदा ते भेटले. वागायला अतिशय चांगले. चहा मागवला.

“परबकाकू, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आम्ही नाव कुठे दिलंय? गोपनीयता आम्ही कटाक्षाने पाळतो.”

“चाळीत सगळ्यांक म्हायत आहे.”

“त्याला आमचा इलाज नाही. आणि हे बघा, शास्त्रात व्यक्ती नसते. असतो तो फक्त बिंदू.”

“मग ऋताचा बिंदू?”

डॉक्टरांनी चहाचा कप बशीत नीट ठेवला. “तिची चाचणी झाली नव्हती. ज्याची नोंद नाही, ते आपण धरू शकत नाही.”

“मी तुमका सांगितलेलं.”

“तेच म्हणतोय. तोंडी होतं.”

मालन चहा न पिता उठली. परळहून लालबागपर्यंत चालत आली. वाटेत तिने डॉक्टरांना जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात त्यांच्या मागच्या आणि पुढच्या पिढ्यांची सोय लागली होती. घरी येऊन तिने अक्षदाला सांगितलं, “हेचा उट्टा मी काढतंय. आज नाय तर उद्या.”

“आई, सोड ना आता. बाबांना तरी आवडलं असतं का हे?”

“तुझ्या बापाक काय आवडायचा ता माका शिकव नको. तो भला होतो. मी नाय.”

आणि खरंच, मालन भली नव्हती. भलेपणा घरात एकाने सांभाळला की दुसऱ्याला सुट्टी असते. तिने ती संसारभर उपभोगली होती. जयवंत उधार दिलेली छत्री विसरायचा, मालन छत्री नेणाऱ्याचं गोत्र लक्षात ठेवायची. आता नवऱ्याच्या नावाची छत्री कुणीतरी उडवून नेली होती. ती वाट बघत बसली.

वाट फार बघावी लागली नाही, कारण डॉक्टर आपल्या पायांनी तिच्या दारात आले. त्यांना चाळीचं रक्त परत हवं होतं. इतक्या वर्षांनी शरीराला साथ किती आठवते, हे तपासायचं होतं. हॉलंडच्या डॉक्टर मारिका स्वतः येणार होत्या, ब्राझीलची मंडळी पडद्यावरून हजर राहणार होती. चौकात छोटासा समारंभ, मग काम सुरू.

“आणि मारिकांची फार इच्छा आहे,” डॉक्टर म्हणाले, “की ते तुमचं पारंपरिक, ते प्रार्थनागीत... परबांनी म्हटलेलं...”

“गाऱ्हाणं.”

“तेच. ते परबांच्या कुटुंबाने म्हणावं. फार हृद्य होईल.”

मालन त्यांच्याकडे बघत राहिली. दादरच्या माणसाला वाटत होतं की गाऱ्हाणं म्हणजे आरतीची मालवणी आवृत्ती. हातात टाळ, शेवटी प्रसाद.

चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र सावंत बरोबर आला होता. जयवंतनंतर गाऱ्हाणं तोच घालायचा, मोबाईलमध्ये बघून, आणि मध्येच फोन आला तर देवाला होल्डवर ठेवून. तो चुळबुळला. “डॉक्टर, बायका नाय घालत गाऱ्हाणं. रीत नाय तशी.”

“अरे, मग आणखीच छान,” डॉक्टर म्हणाले. “स्त्रीच्या आवाजात. परदेशी लोकांना हे फार भावेल.”

हितेंद्रला या कामाबरोबर मिळणारं फुकट तपासणीचं शिबिर हवं होतं, चाळीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे त्याच्या मागे लागले होते. तो गप्प बसला. मालन म्हणाली, “घालतंय मी. सगळ्यांका बोलवा मात्र. एक दार बंद नको.”

समारंभाच्या सकाळी चौकात खुर्च्या, पताका, पडद्यावर झोपेतून उठलेले ब्राझीलवाले. मारिका उंच, पिकल्या केसांची, साधी बाई. घुमटीसमोर येताच तिने कुणी सांगायच्या आत चपला काढल्या. बकुळा मागच्या रांगेत, तोंड खांबाकडे. डॉक्टरांनी भाषण केलं. लालबागचं रक्त, हॉलंडचं यंत्र, ब्राझीलचं गणित, असं म्हणून टाळ्या घेतल्या. मग मालन उठली. नारळ ठेवला. तिच्यापाशी जयवंतचा आवाज नव्हता, पण चौकाला दोन्ही बाजूंनी भिंती होत्या.

“बा देवा रवळनाथा, बारा वाटेच्या राखणदारा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” बाईचा आवाज म्हणून जरा कचरत आलं, पण आलं.

“आज तुझ्या दाराक सातासमुद्रापलीकडसून पावणे इले हत. तेंका सुखात परत ने रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“टाळेबंदीत ह्या चाळीची दारां बंद होती. ती माझ्या घोवान उघडून दिल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता सूर लागला. डॉक्टर मान डोलावत होते. मारिकाने काही विचारलं, ते तिच्या कानाशी म्हणाले, आशीर्वाद चाललाय, आपल्या सहकार्याला.

“डाक्टराची माणसां पांढरे झगे घालून होती. माझ्या घोवाच्या तोंडार फडको होतो रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“त्यातला एक चेडू माझ्या खोलयेत बसान म्हणाला, माका वास येणा नाय. ता मी डाक्टराच्या कानार घातलंय रे म्हाराजा.”

इथे निम्मी चाळ भानावर आली. पण उरलेल्या निम्मीचं तोंड सवयीचं होतं. “व्हय म्हाराजा.”

“तरीय दुसऱ्या दिवशी माझ्या घोवाक दारोदार फिरवल्यान. आणि तो मेल्यावर तेचोच ठिपको करून जगभर दाखवल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हितेंद्रचा आवाज सगळ्यांत मोठा. सेक्रेटरी झाल्यापासून त्याला पुढे राहायची खोडच होती.

“आणि ज्येंच्या घराक तो टाळेबंदीत तांदूळ पोचवी होतो, त्या ह्या चाळीन तो ठिपको खरो मानल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली.

म्हणून झाल्यावर चाळीला कळलं की आपण काय म्हणालो. शब्द चौकभर फिरून घुमटीत जाऊन बसले होते, आणि तिथून परत मागून घ्यायची सोय रवळनाथाने ठेवलेली नाही. लोक एकमेकांकडे बघायचं टाळून पताका बघू लागले. मालन थांबली नाही.

“तर बा रवळनाथा, ज्येनी माझ्या घोवाचो ठिपको केल्यान, तेका तो ठिपको ताटात दिसांदे, आरशात दिसांदे, निजताना छपरार दिसांदे. आपल्या तोंडान खरा सांगणा नाय तोवर तो तेच्या डोळ्यांफुडसून हटाक नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता सवयीने नव्हे. कचकचून.

“आणि ज्येनी खरो मानल्यान,” मालनने मागे वळून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, बकुळावर जरा जास्त वेळ, “तेंचा मी बघून घेतंय. त्यात तू मधी पडू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” चाळ पडेल आवाजात म्हणाली. दुसरं म्हणणार काय?

मारिकाला मालवणी येत नव्हती, पण चेहरा वाचायला भाषा लागत नाही, आणि डॉक्टर गुप्त्यांचा चेहरा आशीर्वाद मिळालेल्या माणसाचा नव्हता. तिने अक्षदाला विचारलं. अक्षदाने शब्दन् शब्द सांगितला, छपरावरच्या ठिपक्यासकट. मारिका ऐकत गेली. मग डॉक्टरांकडे वळून तिने शांतपणे एकच प्रश्न केला. आजारी मुलगी होती का?

“तोंडी होतं ते सगळं,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, “पुराव्याच्या दृष्टीने...”

होती का, मारिकाने परत विचारलं. पडद्यावरच्या ब्राझीलवाल्यांची झोप एव्हाना पूर्ण उडाली होती.

“होती.”

आणि तुम्हाला माहीत होतं?

डॉक्टर म्हणाले, “होतं. पण तिला धरलं असतं तर संशय आमच्यावर आला असता. मग पुढची परवानगी, काम, सगळं थांबलं असतं. तेव्हा काम थांबणं परवडणारं नव्हतं.”

हे अक्षदाने चाळीला मराठीत सांगितलं. मालनने हात वर केला. “तिच्या तोंडान नको. तेंच्या. आणि देवाक नको, तेका म्हायत आहे. बकुळाक सांगा.”

मग परळच्या संस्थेचे डॉक्टर यशोधन गुप्ते, ज्यांचं भाषण ऐकायला देशोदेशीचे लोक येत, खुर्च्यांच्या रांगांमधून मागे गेले आणि खांबाशी उभ्या असलेल्या बकुळा राणेला म्हणाले, “साथ परबांनी आणली असं ठरवता येत नाही. आमच्यातलं कुणी आजारी होतं. मला माहीत होतं. मी लिहिलं नाही.”

बकुळाने डॉक्टरांच्या खांद्यावरून मालनकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच बादली हाताशी नव्हती म्हणून तिला कुठे बघावं ते कळेना.

त्या दिवशी एक थेंब रक्त निघालं नाही. मालनने चाळीला सांगितलं, आधी छापू दे, मग बाही वर करा. आणि चाळ, जी वर्षानुवर्षं कठड्याकडून चालत होती, ती आता तिच्या दारात येऊन विचारत होती, की मालनकाकू, शेजारच्या चाळीने विचारलं तर काय सांगायचं? तिने हितेंद्रलाही तिष्ठत ठेवलं. म्हाताऱ्यांचे गुडघे थांबले. काम अडकलं, मारिका हॉलंडला परत गेली, जाताना मालनचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणाली. अक्षदा सांगू लागली तेव्हा मालन म्हणाली, “कळला माका.”

पुढे मासिकात दुरुस्ती छापून आली. आधीच्या चित्राच्या मानाने जागा लहान, पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहिला रुग्ण कोण ते सांगता येत नाही आणि पथकातली आजारी व्यक्ती वगळणं ही चूक होती. खाली, मालनने लेखी परवानगी दिल्यामुळे, जयवंत परब हे नाव होतं, कामाला साहाय्य करणाऱ्यांत सगळ्यांत वर. डॉक्टर हल्ली परदेशी बोलायला जात नाहीत. त्यांच्या डोळ्यापुढे काळा ठिपका तरंगतो आणि ते दादरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेटे घालतात, अशी बातमी वरच्या मजल्यावरून खाली आली. पन्नाशीत असं होतं म्हणतात. मालनने बातमी आणणाऱ्याला बसवून दोनदा ऐकली, आणि चहात साखर जास्त घातली.

चाळीने मग रक्त दिलं. मालननेही दिलं, सगळ्यांच्या शेवटी.

त्याच संध्याकाळी बकुळा दारात आली. हातात स्टीलचा डबा, वर झाकण, झाकणावर पदर. “बांगड्याचा तिखला केलंय,” ती म्हणाली. “तिरफळां घालून. तुझ्या घोवाक आवडायचा.”

“ठेव थंय,” मालन म्हणाली.

बकुळा उंबऱ्याशी जरा रेंगाळली, आत ये म्हणेल म्हणून. मग गेली. मायलेकी जेवल्या. तिखलं उत्तम झालं होतं, आणि मालनने तसं कबूलही केलं. खाण्याशी तिचं वैर नव्हतं. मग तिने डबा राख लावून घासला, इतका लख्ख की त्यात तोंड दिसावं, पुसून कोरडा केला आणि अक्षदाच्या हातात दिला.

“दे नेऊन शेजारी.”

अक्षदाने डबा उघडून पाहिला. चाळीत शेजारणीचं भांडं परत करताना त्यात काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. तिने आईकडे पाहिलं. “आई, रिकामा?”

“रिकामोच.”

“अगो, तिला काय वाटेल?”

मालनने ओट्यावर फडका फिरवला. “वाटांदे. ती माका बराच देणा लागता. आज डबो रिकामो गेलो, उद्या बघूया साखर घालायची का नाय.”

अक्षदा गॅलरीत गेली. पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मालन फडका हातात धरून कान देऊन उभी होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.